सात नंबरची जर्सी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. दर रविवारी विहारात मी लहान पोरींना पंचशील म्हणायला लावते. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं शील, ते मी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणते — आणि तेव्हाही हे स्वतःशी बोलत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या देवळीकडचे असाल आणि ओळखत असाल, तर मला फार चांगली बाई समजत असाल. त्याचाच आता संताप येतो.

कुणाचा संताप? तुमचा नाही. थांबा, सांगते. पण सरळ सांगायला जमत नाहीये, जरा फिरून येऊ द्या.

मी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी पोरींकडून रग्बी खेळून घेते. रग्बी म्हणजे लांबोळका चेंडू हातात धरून पळायचं, तो मागेच द्यायचा, पुढे नाही, आणि समोरची चेंडू घेऊन आली की तिला धरून पाडायचं. आम्ही पहिल्यांदा तो चेंडू एसटीतून आणला तेव्हा कंडक्टर म्हणाला होता, “काय वं, पपई नेऊन राह्यल्या का?” आता लोकांना माहीत झालंय. आता मैदानाला कुंपण आहे, पाण्याची टाकी आहे, आणि फाटकावर माझा फोटो आहे — अंगात देशाची सात नंबरची जर्सी, खाली माझं नाव. चेहरा माझाच आहे. जर्सी वंदनाची आहे.

आधी बाकीचा राग सांगून टाकू का? तो सांगायला मला सोपा जातो, म्हणून तोच मी नेहमी सांगते. आमचं मैदान म्हणजे बाजार समितीच्या मागची जागा. कापसाच्या हंगामात तिथं गाड्या लागायच्या, आम्हाला कडेला हाकलायचे, आणि गाडीवर बसलेले बाप्ये आमच्या चड्ड्यांकडे बघत तंबाखू मळायचे. जर्सी मिळायच्या त्या पोरांनी वापरून टाकलेल्या, काखेत उसवलेल्या. नात्यातले लोक माझ्या आईला म्हणायचे, “पोट्टीचं तंगडं मोडलं तं कोन करन तिले?” पुढं याच लोकांनी माझ्या मिरवणुकीत जीपवर चढून फोटो काढून घेतले. आणि वरची माणसं? पोरांचा संघ विमानानं जायचा, आम्ही जनरलच्या डब्यात संडासाजवळ. आमच्या भागातून एखादीला घेतलं तरी बोलायचे कसे, तर “तुमच्याकडची एक तरी घेतोय ना.” एक तरी. जसं काही आम्ही त्यांच्या दारात वाटी घेऊन उभ्या होतो.

हे सगळं झालंय. राग खरा आहे, आजही येतो. पण मी इतकी वर्षं याच रागाच्या मागे लपून बसले — की बघा, व्यवस्थाच अशी, एकच जागा, मग माणूस काय करणार? वंदनाशी जे केलं ते करायला यातल्या एकानंही मला सांगितलं नव्हतं.

वंदना आणि मी एकाच वस्तीतल्या. कबड्डीच्या संघातही बरोबर. तिला वडील नव्हते, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, म्हणून वंदना धाकट्या बहिणीला, निकिताला, कडेवर घेऊन मैदानावर यायची. पोरगी कडेला मातीत बसवायची आणि खेळायला उतरायची. कबड्डीत ती कोपरा राखायची. घोट्याची पकड तिची — एकदा घोटा हातात आला की समोरचीनं घरी निरोप धाडावा. कबड्डीच्या सरांनी आम्हाला रग्बीत आणलं तरी तिची ती सवय गेली नाही. समोरची कितीही धिप्पाड असू दे, ही खाली घुसणार, पाय आवळणार, धपकन पाडणार. रग्बीत जर्सीचा नंबर म्हणजे खेळायची जागा, आणि सात नंबरचं कामच ते, दिवसभर पाडत राहायचं. मी तिच्यापेक्षा पळायला वेगवान होते. पण पाडायच्या वेळी माझे डोळे मिटतात. हेही कोणाला माहीत नाही. शेवटच्या क्षणी, धडक बसायच्या आधी, मी डोळे मिटून घेते.

आशियातल्या देशांची बायकांची रग्बी स्पर्धा दरवर्षी होते, पंधरा-पंधरा जणींची. त्या वर्षीच्या शेवटच्या निवड शिबिरात आम्ही दोघी होतो, परराज्यात, एकाच खोलीत. दोघीही सात नंबरच्या. राखीव म्हणून दुसऱ्या राज्यातली एक पोरगी आधीच ठरलेली. म्हणजे वंदना, नाहीतर मी. आणि खरं सांगायचं तर “नाहीतर” वगैरे काही नव्हतं. वंदनाच. शिबिरातला स्वयंपाकीसुद्धा सांगू शकला असता.

आता एक नियम सांगते, कारण त्याच्याशिवाय तुम्हाला माझी लबाडी कळणार नाही. शिबिराच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून समजावलं होतं. डोक्याला मार लागला तर खेळाडूला स्वतःला कळत नाही. ती तेच तेच विचारत राहते, आणि विचारलेलं तिला आठवत नाही. चिडते. मला काही झालंच नाही म्हणते. म्हणून सोबतच्या पोरींनी लक्ष ठेवायचं, शंका आली की येऊन सांगायचं. सांगणारी चुगलखोर नाही, ती खरी मैत्रीण. आणि असं कोणी सांगितलं की त्या खेळाडूनं बाहेर बसायचं, काही आठवडे, वाद घालायचा नाही. फार चांगला नियम आहे. त्यानं पोरींचे जीव वाचतात. मी आजही तोच शिकवते.

शेवटचा सराव सामना दुसऱ्या मैदानावर होता. वंदनानं एका आडदांड पोरीला पाडलं, पडता पडता त्या पोरीचा गुडघा हिच्या कानशिलाला लागला. ही थोडा वेळ पडून राहिली. डॉक्टरबाई धावत गेल्या, मीही गेले. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले — आपण कुठल्या मैदानावर आहोत, पहिला हाफ की दुसरा, शेवटचे गुण कोणी केले. हिनं सगळी उत्तरं बरोबर दिली आणि वर हसून म्हणाली, “बाई, तुमचं नाव भी सांगू का?” सगळ्या हसल्या. ती उठली, खेळली, आणखी तिघी-चौघींना लोळवलं.

परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. संत्रं सोलून अर्धं मला दिलं. म्हणाली, “मले घेतलं तं तुह्यासाठी तिकून काय आणू, सांग.” वाईट बोलली का? अजिबात नाही. प्रेमानं बोलली. आपल्या माणसाला विचारतात तसं. आणि मी तिथं बसून तिचं दिलेलं संत्रं खात होते आणि आतून जळत होते.

सांगते. इथंच अडतेय मी.

बस पोचली आणि मी खोलीवर न जाता सरळ डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटलं, वंदना बसमध्ये मला सारखी सारखी विचारत होती की मॅच कोण जिंकलं. मी सांगायची, की थोड्या वेळानं परत तेच. मला भीती वाटतेय, असंही म्हटलं. डोळ्यांत पाणी आणलं — ते कुठून आलं मला अजून माहीत नाही. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, हे सांगायला धाडस लागतं.

धाडस. ऐकलंत?

त्यांनी वंदनाला बोलावलं. ती म्हणाली, मी असं काही विचारलंच नाही. बाई म्हणाल्या, आठवत नसेल, तसंच होतं. ती चिडली, मोठ्यानं बोलली. बाईंनी मान हलवली, कारण चिडणं हेही लक्षणच. ती म्हणाली, मला काहीच झालेलं नाही. तेही लक्षण. ती जे जे खरं बोलत होती ते ते माझ्या खोट्याला पुरावा होत होतं, आणि मी दाराशी उभी राहून ते बघत होते. नियम वर्गात शिकताना मीच सगळ्यांत मन लावून ऐकला होता. म्हणजे नुसतं तोंडातून निघून गेलं असं नव्हतं. मला ठाऊक होतं की या खोट्यातून तिला बाहेर पडायला वाट नाही.

खोलीवर आल्यावर तिनं मला विचारलं, “मी खरंच इचारलं काय वं?”

“हाव.”

“घडीघडी?”

“हाव, घडीघडी.”

ती खाटेवर बसली. कुंभाराकडून मडकं घेताना आपण बोटांनी वाजवून बघतो ना, तशी ती स्वतःचं डोकं चाचपत राहिली. मग म्हणाली, “बरं झालं तुनं सांगतलं. दुसरीनं नसतं सांगतलं.”

मी स्पर्धेला गेले. सात नंबर घालून मैदानावर उभी राहिले, राष्ट्रगीत म्हटलं, ऊर भरून आला. तुम्हाला वाटत असेल तेव्हा मन खात असेल. नाही खाल्लं. मला आनंद झाला होता, निव्वळ आनंद. मला सगळ्यांत जास्त किळस माझ्या त्या आनंदाची येते. सामने आम्ही दणकून हरलो. समोरच्या पोरी माझ्या हातातून निसटून गेल्या, एकेक करून, कारण मी डोळे मिटत होते. वंदनानं त्यातल्या निम्म्या तरी पाडल्या असत्या. देशाचंही नुकसान केलं म्हणा की मी. पण बायकांच्या रग्बीत कोण हरलं हे विचारायला गावात कोणाला वेळ होता? पोरगी परदेशात खेळून आली, एवढं पुरे होतं.

देवळीत जीपवरून मिरवणूक निघाली. शाल, श्रीफळ, भाषणं. वंदनाची आई गर्दीतून वाट काढत आली, माझ्या हाताचा मुका घेतला आणि म्हणाली, “तुनं माह्या लेकीचा जीव वाचवला, माय.” त्या हिवाळ्यात तिनं सांबारवड्या, कोथिंबीर भरून तळलेल्या, करून पाठवल्या. मग दर हिवाळ्यात येत राहिल्या. आणि मी त्या खाल्ल्या. गरम करून, दह्यासोबत खाल्ल्या.

पुढं मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. प्रशिक्षकांच्या शिबिरात कोणीतरी ती गोष्ट सांगितली, मग मलाच सांगायला बोलावू लागले — मैत्रिणीला राग येईल, ती जागा गमावेल, हे माहीत असूनही या मुलीनं खरं सांगितलं. टाळ्या. दर वेळी टाळ्या. एकालाही कसा प्रश्न पडला नाही, मला चीड येते, की मग ती रिकामी झालेली जागा कोणाला मिळाली? एवढे शिकलेले लोक, शिट्ट्या गळ्यात घालून बसलेले, एकानं तरी हात वर करून विचारायचं होतं. बघा, परत मी दुसऱ्यांवर घसरले. त्यांनी विचारलं असतं तरी मी काहीतरी रचून सांगितलंच असतं.

आणि वंदना? तिनं खेळ सोडला. पोलीस भरतीची तयारी चालली होती, तीही सोडली. म्हणाली, डोस्क्याचा भरवसा नाही, बंदूक कशी देतील हाती. लग्न होऊन आर्वीला गेली. नवरा भला माणूस, पण त्याचीही थट्टा तिच्या डोक्यावरूनच. भाजीत मीठ राहिलं की म्हणतो, “हिचं डोस्कं रग्बीतच राह्यलं.” मीठ कोणाचं राहत नाही हो? माझं राहतं, तुमचं राहतं. तिचं राहिलं की तिला वाटतं, त्या दिवसाचा मार. ती घरातून निघताना शेजारणीला बोलावून गॅस बंद आहे का बघायला लावते. स्कूटी घेतली होती, चालवली नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी ओढणीला गाठी मारते. तिचं डोकं आम्हा सगळ्यांत तल्लख होतं. ते जागेवर आहे, जसंच्या तसं. फक्त तिचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही, आणि तो मी काढून घेतला.

इतकंच असतं तर कदाचित मी हे बरोबर घेऊन मेलेही असते. पण या वर्षी निकिताचं नाव आलं.

तीच निकिता, कडेवरची. आता कॉलेजात आहे. माझ्याच हाताखाली खेळते, आणि बहिणीसारखीच घोट्याला जाते. कोणी शिकवलं नाही, लहानपणी मातीत बसून बघितलं तेवढंच. या वर्षीच्या स्पर्धेच्या शिबिराला तिला बोलावणं आलं. आई म्हणाली, वंदना हो म्हणन तं जाईन. वंदना नाही म्हणाली. का, तर आमच्या घरच्यांचं डोस्कं कच्चं, एकीचं गेलं तेवढं बस झालं.

निकिता रडत माझ्याकडं आली. “मॅडम, तुम्हीच सांगा ना ताईले. तुमचं ऐकन ते.”

माझं ऐकेल. हो, माझंच तर ऐकलं तिनं.

आम्ही दोघी एसटीनं आर्वीला गेलो. वाटेत मी ठरवलं होतं, सांगायचंच. शब्दसुद्धा जुळवले होते. वंदनानं चहा टाकला, मग आमच्यासमोर बसली आणि निकिताला समजवायला लागली. बोलता बोलता त्या सामन्यावर आली. काय सांगू तुम्हाला — तिला सगळं आठवत होतं. पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यात साचलं होतं, चेंडू कोणाच्या हातून सुटला, डॉक्टरबाईंनी काय विचारलं, तिनं काय उत्तर दिलं, मी बसमध्ये कुठल्या बाजूला बसले होते. मला जे आठवत नव्हतं तेही तिला आठवत होतं. आणि मग ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “मले सारं याद हाय, वं. फक्त इचारल्याचंच याद नाई. काऊन असं? तू आज खरं सांगजो मले. मी इचारलं होतं का?”

सरळ विचारलं तिनं. निकिता शेजारी बसलेली, माझ्या तोंडाकडे बघत होती. याहून सोपं कोणी कोणाला करून देत नाही. फक्त “नाही” म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “हाव. इचारलं होतं.”

का म्हटलं? मला नोकरी दिसली, फाटकावरचा फोटो दिसला, विहारातल्या पोरी दिसल्या. पण हे सगळं मी नंतर शोधून काढलेलं आहे. त्या क्षणी मी काहीच बघत नव्हते. मैदानावर पाडायच्या वेळी मिटतात तसे डोळे मिटले होते.

वंदनानं मान हलवली. निकिताला म्हणाली, “पाह्यलं? जिले मार लागते तिले समजत नाई. तू नोको जाऊ.” मग मला म्हणाली, “तुह्यासारखी माणसं पाहिजे बापा सोबत.” निघताना तिनं माझ्या पिशवीत घरच्या लोणच्याची बरणी घातली आणि बसस्टँडपर्यंत सोडायला आली.

निकिता गेली नाही. स्पर्धा झाली, संपली. सात नंबरला दुसरी कोणीतरी खेळली, चांगली खेळली म्हणतात. निकिता आता मैदानावर येत नाही. रस्त्यात भेटली की खाली वाकून नमस्कार करते, कारण तिच्या ताईचा जीव मी वाचवलाय.

पहिल्या वेळी मी पोरगी होते, हावरट होते, असं कोणी म्हणेल. दुसऱ्या वेळी कोण होते? शिक्षिका होते. पोटभर जेवलेली, पगार घेणारी, दर रविवारी शील सांगणारी बाई. तेव्हा ते पहिलंही पोरवयाचं म्हणून सोडायचं नाही. मी तीच आहे.

त्या बसमध्ये वंदनानं मला मॅच कोण जिंकलं हे विचारलं नव्हतं. एकदाही नाही. तिला मार लागला होता, पण तिच्या डोक्याला काहीही झालं नव्हतं, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. तिला जे आठवतं ते सगळं खरं आहे. खोटं मी बोलले, दोन्ही वेळा.